कॅनरी : प्रदर्शनी पक्ष्यांच्या पिसांची निवड व जोड्या
कॅनरी हा पिंजऱ्यात पाळला जाणारा एक सुपरिचित गाणारा पक्षी आहे. त्याचा समावेश फ्रिंजिलिडी कुलात होतो व त्याचे शास्त्रीय नाव सेरिनस कॅनॅरिया असे आहे. अटलांटिक महासागरातील कॅनरी, मादीरा व अझोर्स ही बेटे त्याचे मूलस्थान होत. रानटी पक्षी सु. १३ सेंमी. लांब, हिरवट पिवळा व पाठीवर गडद रेघोट्या असलेला असतो. लोकांच्या परिचयाचा सोनपिवळा पक्षी ही माणसाने केलेल्या निवडीची निष्पत्ती आहे. कॅनरीच्या काही जाती गाण्यासाठी, काही रंगासाठी, तर काही शरीराची ठेवण व पिसे यांसाठी निपजविण्यात आल्या. उत्तम पिसांसाठी कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावावी, हा तिसऱ्या गटातील पैदासकारांपुढचा मुख्य प्रश्न होय. या प्रश्नाचा इतिहास म्हणजे अनुभवाने सापडलेल्या एका नियमाचा व प्रदर्शनातील यशासाठी तो मोडल्यामुळे पक्ष्यांना जडलेल्या व्याधींचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : स्पेनने पंधराव्या शतकाच्या अखेरीस कॅनरी बेटे पूर्णपणे जिंकली. त्यानंतर हे पक्षी यूरोपात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. स्विस निसर्गवैज्ञानिक कॉनराट गेस्नर यांच्या १५५५ मधील पक्षिविषयक ग्रंथात कॅनरीचा उल्लेख आढळतो. अठराव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये एर्व्ह्यो द शांतलू यांनी कॅनरीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाळीव पक्ष्यांचे दोन डझनांहून अधिक प्रकार त्यात नोंदविले आहेत. यावरून पिवळे, पांढरट, ठिपकेदार व तुरेवाले पक्षी त्या सुमारास स्थिर झाले होते, असे दिसते. जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतराजीत खाणकामगारांनी गाण्याकडे लक्ष दिले, तर बेल्जियम व इंग्लंड येथील पैदासकारांनी रूपाकडे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पक्षिप्रदर्शनांची प्रथा वाढली, मंडळे निघाली व प्रत्येक जातीसाठी गुणांची मानके ठरविण्यात आली. तेव्हापासून पिसांची प्रत हा परीक्षकाने गुण देण्याचा विषय बनला.

पिवळी व बफ पिसे : पैदासकारांच्या परिभाषेत ‘पिवळा’ व ‘बफ’ हे शब्द रंगाचे नसून पिसांच्या घडणीचे वाचक आहेत. हिरवा किंवा दालचिनी रंगाचा पक्षीसुद्धा ‘पिवळा’ किंवा ‘बफ’ असू शकतो. पिवळ्या प्रकारात पीस अरुंद व आखूड असून रंगद्रव्य पिसाच्या टोकापर्यंत पोहोचलेले असते. त्यामुळे रंग गडद व तकतकीत दिसतो आणि पिसे अंगाशी घट्ट बसतात. बफ प्रकारात पीस अधिक रुंद, लांब व मऊ असते. त्याच्या टोकाशी रंगद्रव्य नसल्यामुळे पक्ष्यावर हिमकण पडल्यासारखी फिकट झाक दिसते. पिसे दाट असल्याने बफ पक्षी अधिक भरदार भासतो. लिझर्ड या जातीत याच दोन प्रकारांना ‘सोनेरी’ व ‘रुपेरी’ म्हणतात.

पिवळ्याची जोडी बफाशी लावावी, हा पैदासकारांचा मूळ नियम. पिवळ्यास पिवळा लावत गेल्यास पिसे विरळ व आखूड होतात आणि पक्षी किडकिडीत दिसू लागतो. बफास बफ लावत गेल्यास पिसे पिढीगणिक लांब, सैल व मऊ होत जातात. आलटून-पालटून जोड्या लावल्याने पिवळ्याचा रंग व घट्टपणा आणि बफाची दाटी यांचा तोल राहतो. आनुवंशिकीचा पाया घातला जाण्यापूर्वीच हा नियम रूढ झाला होता.

नियमभंग व त्याचे परिणाम : नॉरिच या इंग्लिश जातीचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. सोळाव्या शतकात फ्लँडर्समधून नॉरिच शहरात आश्रयास आलेल्या विणकरांनी ही जात आणली, असे परंपरेने सांगतात. मुळात ती आटोपशीर बांध्याची व गडद रंगाची होती. १८७० च्या दशकात पक्ष्यांना लाल मिरचीचा खुराक देऊन पिसांना नारिंगी छटा आणण्याची युक्ती प्रसृत झाली व तीवरून प्रदर्शनक्षेत्रात वाद माजला. पुढे मोठा तुरा मिळविण्यासाठी नॉरिचचा लँकाशर या थोराड जातीशी संकर करण्यात आला. या संकरातून निघालेले बिनतुऱ्याचे पक्षीही मोठे व भरघोस पिसांचे होते. आकारासाठी त्यांचा शिरकाव साध्या नॉरिचमध्ये झाला आणि पक्षी मोठा पण पिसे भरड व अस्ताव्यस्त, अशी अवस्था आली. अखेर १८९० च्या सुमारास पैदासकारांनी एकत्र येऊन आदर्श लांबी सु. सव्वासहा इंच (सु. १६ सेंमी.) ठरविली आणि पिसांच्या रेशमीपणास पुन्हा महत्त्व दिले.

तथापि आकाराचा मोह सुटला नाही. भरदार दिसणारा पक्षी बक्षीस मिळवी, आणि तसा पक्षी मिळविण्याचा जवळचा मार्ग म्हणजे बफ-बफ जोडी. या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावल्याचा परिणाम ‘गाठी’ या व्याधीत दिसतो. लांब व मऊ पीस त्वचेबाहेर न पडता पुटकातच वळते आणि तेथे केराटिनाचा थर साचून पिवळसर, कठीण गाठ तयार होते. ती बहुधा पंखांवर व पाठीवर आढळते. गाठ कापून काढली, तरी त्याच पुटकातून ती पुन्हा उद्‌भवू शकते. नॉरिच व ग्लॉस्टर या जातींत व त्यांच्या संकरजांत ही व्याधी विशेष आढळते. तिच्याकडे कल आनुवंशिक असल्यामुळे गाठी असलेला पक्षी कितीही देखणा असला, तरी त्याला विणीत घेऊ नये, असा दंडक आहे. बक्षिसाची आशा व हा दंडक यांतील संघर्ष या छंदात आजही कायम आहे.

तुऱ्याचा प्रश्न : तुरेवाल्या पक्ष्यास तुरेवाला जोडू नये, हा दुसरा जुना नियम. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राणी व वनस्पती यांच्या विविधतेवरील ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. अशा जोडीची पिले तुरेदार होण्याऐवजी बहुधा टकली निघतात, काहींच्या डोक्यावर जखमही असते, असे नोंदवून तुरा ही एक प्रकारची विकृती असावी, असा तर्क त्यांनी केला. तुरा हा प्रभावी लक्षण असल्याचे चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांनी १९०८ मध्ये दाखविले. आईबाप दोघांकडून तुऱ्याचा जीन मिळालेला भ्रूण सामान्यतः जगत नाही, असे आता मानले जाते. म्हणजे तुरेवाल्यांच्या जोडीत सु. एक चतुर्थांश पिले गमावण्याचा संभव असतो. १९२५ मध्ये प्रथम प्रदर्शित झालेल्या ग्लॉस्टर जातीत म्हणूनच ‘कोरोना’ (तुरेवाला) व ‘कॉन्सॉर्ट’ (बिनतुऱ्याचा) यांचीच जोडी लावतात. तुऱ्याची प्रत बिनतुऱ्याच्या पक्ष्याच्या डोक्यावरील पिसांवरही अवलंबून असते, त्यामुळे कॉन्सॉर्टची निवड तितकीच काळजीपूर्वक करतात.

शास्त्रीय स्पष्टीकरण : १९०० मध्ये मेंडेल यांचे नियम पुन्हा उजेडात आल्यावर कॅनरीवर प्रयोग सुरू झाले. दालचिनी रंग लिंगसहलग्न आहे, हे फ्लॉरेन्स डरहॅम यांच्या संशोधनातून १९०८ मध्ये पुढे आले. पिवळे पीस हे बफावर प्रभावी असल्याचेही स्पष्ट झाले. परंपरेने पिवळा पक्षी पिवळा-बफ जोडीतून आलेला असल्याने त्याच्यात दोन्ही जीन असतात, आणि बफाशी जोडल्यास निम्मी पिले पिवळी व निम्मी बफ अपेक्षित असतात. जुन्या नियमामुळे दोन्ही प्रकारांचा साठा आपोआप टिकत होता, तो असा. जर्मनीत ब्रेमेन येथे हान्स डंकर यांनी १९२० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील तांबड्या सिस्किन पक्ष्याशी कॅनरीचा संकर करून लाल कॅनरीचा पाया घातला. हा लाल रंग ज्या जीनमुळे शक्य होतो, तो २०१६ मध्ये ओळखण्यात आला. अप्रभावी पांढऱ्या कॅनरीत कॅरोटिनॉइडांचे शोषण बिघडलेले असते, हे २०१७ मध्ये दिसून आले. अशा पक्ष्यांना अ जीवनसत्त्व वेगळे पुरवावे लागते.

निवडीची पद्धत : पिसांची परीक्षा जुनी पिसे झडून नवी पूर्ण आल्यावरच करतात. पिसे अंगाशी बसलेली आहेत काय, छातीवर व मांड्यांवर ती फिसकटलेली नाहीत ना, शेपटी मिटलेली आहे काय, हे प्रथम पक्षी पिंजऱ्यात असताना पाहतात. नंतर तो हातात घेऊन पिसांवर फुंकर घालतात व त्यांची रुंदी, मऊपणा व खालील लव तपासतात. एकाचा दोष दुसऱ्यात नसावा, ही जोडीची पहिली अट होय. पिसे फार लांबली असल्यास बारीक पिसाचा पिवळा पक्षी, आणि ती विरळ झाली असल्यास दाट पिसाचा बफ पक्षी वापरतात. आईबापांच्या पिसांची माहिती नसेल, तर केवळ डोळ्यांनी केलेली निवड फसते. म्हणून पिलू सु. एक आठवड्याचे असताना त्याच्या पायात वर्ष व क्रमांक असलेले अखंड कडे घालतात आणि वीणवही ठेवतात. लिझर्डच्या पाठीवरील खवल्यांसारखी नक्षी पहिल्या वर्षी सर्वोत्तम असते व नंतर ती बिघडत जाते. त्यामुळे या जातीत प्रदर्शनाचे वर्ष संपल्यावरही पक्ष्याचे मूळ रूप ध्यानात ठेवूनच जोडी लावावी लागते.

भारत व महाराष्ट्र : पक्ष्यांची जोडी जाणीवपूर्वक लावण्याची कल्पना भारतास नवी नाही. अकबराने कबुतरांच्या जातींचा संकर करून त्यांत सुधारणा केली, असे अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत नोंदविले आहे. कॅनरी मात्र येथे बाहेरून आलेला पक्षी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये १९९०–९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. त्यामुळे मुनिया, पोपट यांसारख्या रानातून धरलेल्या पक्ष्यांऐवजी पिंजऱ्यात निपजलेल्या परदेशी पक्ष्यांचाच पर्याय छंदिष्टांपुढे उरला.

कोकणपट्टीच्या हवेत पिसांची प्रत राखणे कठीण असते. पालघर जिल्ह्यातील तारापूर, नवापूर यांसारख्या समुद्रकाठच्या गावांत पावसाळ्यात आर्द्रता फार वाढते. थंडीत वीण घेतल्यास पिसे झडण्याचा काळ उन्हाळ्यात व पावसाळ्यात येतो, म्हणजे नवे पीस नेमके दमट दिवसांत वाढते. अशा वेळी राळा, कारळा इ. धान्यास बुरशी येणे व पक्ष्यांवर पिसवा-गोचिडांसारखे परजीवी वाढणे यांचा धोका असतो. आंघोळीस स्वच्छ पाणी, हवेशीर जागा, कोरडे धान्य व अंड्याचा खुराक यांची काळजी घेतल्यास पिसे चांगली येतात. मात्र खुराकाने व निगेने पिसांस चकाकी येते, त्यांची घडण बदलत नाही. ती जोडी लावतानाच ठरलेली असते.