बेटावरचा कोल्हा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर, पॅसिफिक महासागरात, चॅनल बेटे नावाचा आठ बेटांचा पुंजका आहे. त्यांपैकी सहा बेटांवर एक कोल्हा राहतो. जगाच्या पाठीवर तो दुसरीकडे कुठेही नाही. आकार घरच्या मांजराएवढा. आपल्या माळावरच्या खोकडापुढेही तो पोरच दिसेल. मुख्य भूमीवरच्या करड्या कोल्ह्याचा हा वंशज. मग समुद्र ओलांडला कसा? ओंडक्यावरून वाहत आला म्हणावे, तर तेही शक्य आहे. पण दक्षिणेकडच्या बेटांवर तरी मूळ रहिवाशांनीच त्याला होडीतून नेले असावे, असे अभ्यासक मानतात. जुन्या वसाहतींच्या जागी मुद्दाम पुरलेले कोल्हे सापडले आहेत.

हजारो वर्षे त्याला शत्रू असा नव्हताच. म्हणून तर तो भरदिवसा खुशाल हिंडतो. आणि हाच निर्धास्तपणा त्याला भोवला.

ती हकिगत जरा लांबून सुरू होते. १९४७ पासून लॉस एंजेलिसजवळच्या एका कारखान्यातून डी. डी. टी. समुद्रात जाऊ लागले. ते माशांत उतरले, माशांतून पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत. त्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की पिल्लेच निघेनात, आणि बेटांवरून हा मासेखाऊ गरुड नाहीसा झाला. मोकळ्या जागेत सोनेरी गरुड आला. सांताक्रूझ बेटावर एकोणिसाव्या शतकात आणलेली डुकरे रानटी झाली होती; त्यांच्या पिल्लांवर त्याचे बारमाही पोट भरे. जाता-येता तो कोल्हेही उचली! सान मिगेल बेटावर १९९४ साली सुमारे साडेचारशे कोल्हे होते, १९९९ साली पंधरा उरले.

करायचे काय? सोनेरी गरुडालाही कायद्याचे संरक्षण, मारता येईना. तेव्हा चाळीसहून अधिक गरुड जिवंत पकडून मुख्य भूमीवर सोडले. उरलेले कोल्हे पिंजऱ्यांत ठेवून त्यांची वीण वाढवली. डुकरांच्या वाट्याला मात्र बंदूक आली. २००५-०६ मध्ये पाच हजारांवर डुकरे मारली. त्याविरुद्ध लोक कोर्टातही गेले, आणि त्यांना अगदीच वेडे ठरवणे मला जमत नाही. डुक्कर काही आपल्या पायांनी बेटावर आले नव्हते. पण ते राहते, तर कोल्हा गेलाच असता.

पांढऱ्या डोक्याचे गरुड पुन्हा आणून सोडले. २००६ साली सांताक्रूझवर त्यांचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले. २०१६ साली उत्तरेकडच्या तीन बेटांवरचे कोल्हे संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले. कॅटलिना बेटावरच्या कोल्ह्यांना १९९९ साली कुत्र्यांच्या एका साथीच्या रोगाने झोडपले होते. तिथे कोल्हे पकडतात, लस टोचतात आणि पुन्हा सोडून देतात.