जुनें बिनतारी यंत्र आणि त्याचा धनी

आपल्या देशांत जें यंत्र परवान्यावांचून घरांत ठेवतां येत नाहीं, जें विकतांना घेणाऱ्याचा परवाना पाहावा लागतो, आणि जें पन्नास वर्षांचें झालें तरी मोडीत घालण्यास धन्याचें मन घेत नाहीं, असें एक यंत्र आहे. हौशी बिनतारी मंडळी त्याला 'ट्रान्सीव्हर' म्हणतात. नभोवाणीचा साधा संच केवळ ऐकतो. हें यंत्र ऐकतें आणि बोलतेंहि. त्याचा इतिहास हा जितका विद्युच्छास्त्राचा आहे, तितकाच तो मालकी या शब्दाच्या अर्थाचाहि आहे.

आरंभीं ऐकणें आणि बोलणें हीं कामें दोन निरनिराळ्या पेट्यांचीं होतीं. दूरची हांक ऐकूं आली, कीं ग्राहकाची तबकडी जेथें स्थिरावली असेल तेथें प्रेषकहि आणून जुळवावा लागे. सतारीच्या दोन तारा एका सुरांत लावाव्या, तसें हें काम होतें. बहुतेकांनीं आपलीं यंत्रें स्वतःच्या हातांनीं बांधलेलीं असत; त्यामुळें धनी आणि कारागीर हे दोघे एकच होते.

ही मालकी मात्र निर्वेध नव्हती. १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगण्यासहि परवाना आवश्यक ठरला. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच हौशी लोकांना आपलीं प्रेषकयंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले. तरीहि १९४२ च्या आंदोलनांत मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं 'काँग्रेस रेडिओ' हें गुप्त केंद्र चालविलें, आणि त्याचें प्रेषकयंत्र नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञानें जुळवून दिलें होतें. जागा बदलीत बदलीत चाललेलें हें केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांच्या हातीं लागलें. यंत्र जप्त करतां येतें, तें बांधण्याची विद्या जप्त करतां येत नाहीं, हें त्या प्रकरणानें दाखवून दिलें.

युद्ध संपल्यावर निराळाच प्रकार झाला. लष्करानें मोडीत काढलेलीं यंत्रें स्वस्तांत बाजारांत आलीं. ब्रिटिश रणगाड्यांतील 'नंबर १९' हा संच त्यांपैकीं प्रसिद्ध आहे. त्याचा मुख्य भाग दोन ते आठ मेगासायकलपर्यंत चाले, आणि रणगाड्यांतील माणसांना आपसांत बोलण्याचीहि सोय त्यांत होती. कॅनडा व अमेरिका येथें बनलेल्या कित्येक संचांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेंहि दिसतात. कारण कांहीं संच रशियाला पुरवावयाचे होते. हिंदुस्थानांत १९४६ पासून परवाने पुन्हां मिळूं लागले, आणि पुढें कित्येक वर्षें येथील हौशी मंडळींचा संसार लष्करी मोडींतील व्हॉल्व्हच्या यंत्रांवरच चालला.

याच सुमारास अमेरिकेंत नवी युक्ति आकार घेत होती. आयोवा राज्यांतील सीडर रॅपिड्स गांवच्या आर्थर कॉलिन्स या मुलानें १९२५ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, ग्रीनलंडकडे गेलेल्या मॅकमिलन यांच्या मोहिमेशीं घरच्या यंत्रावरून संधान बांधलें होतें. पुढें त्याच्याच कंपनीनें १९५७ सालीं 'केडब्ल्यूएम-१' आणि १९५९ सालीं 'केडब्ल्यूएम-२' हीं यंत्रें काढलीं. आवाज वाहून नेणाऱ्या लहरीच्या दोन्ही बाजूंस आवाजाची एकेक पट्टी असते. मूळ लहर व एक पट्टी गाळून टाकिली, तर तेवढ्याच शक्तींत संदेश अधिक दूर जातो व जागाहि निम्मीच अडते. परंतु त्यासाठीं लागणारी गाळणी महाग असते. तीच गाळणी बोलतांना आणि ऐकतांना वापरावी, ही या यंत्रांतील खुबी. खर्च वांचला, वजन घटलें, आणि जेथें ऐकूं येतें तेथेंच बोलणें आपोआप जाऊं लागलें.

१९७० च्या सुमारास जपानच्या याएसू कंपनीचा 'एफटी-१०१' आला. त्यांत बहुतेक सर्वत्र ट्रान्झिस्टर होते. केवळ शेवटच्या टप्प्यांत तीन व्हॉल्व्ह होते. त्यांपैकीं दोन दूरचित्रवाणीच्या संचांसाठीं बनणाऱ्या जातीचे असल्यामुळें त्या काळीं सहज मिळत. पुढें दूरचित्रवाणींतून व्हॉल्व्ह गेले आणि ते बनविणेंहि थांबलें. यंत्र धडधाकट, पण त्याचें अन्नच बंद झालें! कांहीं धन्यांनीं आंतील जोडणी बदलून दुसऱ्या जातीचे व्हॉल्व्ह बसविले. अशा रीतीनें तयार यंत्र विकत घेणाऱ्यालाहि अखेर कारागीर व्हावें लागलें.

म्हणून जुन्या यंत्राचा व्यवहार हा भांड्यांच्या मोडीसारखा नसतो. वर्षानुवर्षें बंद असलेलें यंत्र एकदम पुऱ्या विजेवर लावणें अनर्थाचें. कारण आंतील कंडेन्सर सुकलेले असतात. जाणते लोक दाब हळूहळू चढवितात. 'एफटी-१०१' मध्यें शेवटच्या व्हॉल्व्हना सुमारें सहाशें व्होल्ट लागतात, आणि कळ बंद केल्यावरहि हा भार कांहीं काळ आंत टिकून राहतो. तेथें अजाण हात गेला तर प्राणाशीं गांठ. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील डेटन येथें १९५२ पासून हौशी मंडळींचा मोठा मेळा भरूं लागला. २०१७ पासून तो जवळच्या झीनिया गांवीं भरतो. तेथील जुन्या बाजारांत जाणता गिऱ्हाईक पेटीची चकाकी पाहून भुलत नाहीं. मूळ पुस्तिका आहे काय, आंत कोणते फेरफार झाले, व्हॉल्व्ह केव्हां बदलले, हें तो अगोदर विचारतो. विकणाऱ्यानें खरें सांगितलें, तर दोष असलेलें यंत्रहि सुखानें खपतें. दोष लपविला, तर त्याचें नांव त्या छोट्या बिरादरींत फार काळ टिकत नाहीं.

खरी हानि होते ती निराळ्याच प्रसंगीं. हौशी बिनतारी माणूस वारला, म्हणजे त्याला 'सायलेंट की', म्हणजे मुकी झालेली कळ, असें म्हणतात. त्याच्या खोलींतील पेट्या कोणत्या, चालतात कीं नाहीं, कोणाला द्याव्या, हें घरच्यांना ठाऊक नसतें. आपल्याकडे परवानाधारकावांचून त्या कोणाला देतां येत नाहींत, हेंहि पुष्कळदां माहीत नसतें. मग पन्नास वर्षें जपलेलें यंत्र वजनावर जातें, आणि त्याबरोबर त्याच्या खोडी ओळखणारें ज्ञानहि जातें.

यावर उपाय सोपा आहे. धन्यानें हयात असतांनाच प्रत्येक पेटीवर एक चिठी लावावी: यंत्राचें नांव, केलेले फेरफार, राखीव व्हॉल्व्हची जागा, आणि तें ज्याच्या स्वाधीन करावयाचें त्या परवानाधारक स्नेह्याचें नांव. एवढें चार ओळींचें लिखाण असलें, तर यंत्र आणि विद्या हीं दोन्हीं एकाच हातीं पोहोंचतात.