यजमान राष्ट्र आणि नेतृत्वाचा प्रश्न : बँकॉक, १९९२

आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धांची चिकित्सा बहुधा स्त्रीदेहाच्या वस्तूकरणाच्या अंगाने होते. यजमान राष्ट्र मात्र नेपथ्यापुरतेच उरते. मे १९९२ मध्ये बँकॉक येथे झालेली ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. देशाचे नेतृत्व लाभल्यास प्रथम काय कराल, असा प्रश्न अंतिम फेरीत भारताच्या मधू सप्रे यांना विचारण्यात आला. मूळच्या क्रीडापटू असलेल्या सप्रे यांनी क्रीडांगण उभारण्याचा मनोदय व्यक्त केला. त्या तिसऱ्या आल्या. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीन यांना मिळाला. आपल्याकडे हे उत्तर ‘चुकलेले उत्तर’ म्हणूनच स्मरणात राहिले.

प्रश्न कोठे विचारला गेला, याकडे मात्र दुर्लक्ष झाले. फेब्रुवारी १९९१ च्या लष्करी उठावाचे एक सूत्रधार जनरल सुचिंदा क्राप्रयून हे ७ एप्रिल १९९२ रोजी, संसदेवर निवडून न येताच, थायलंडचे पंतप्रधान झाले होते. पंतप्रधान निवडून आलेलाच असावा, या मागणीसाठी त्याच शहरात त्याच महिन्यात निदर्शने चालू होती. १७ ते २० मे या काळात लष्कराने निदर्शकांवर गोळीबार केला. अनेकांचा बळी गेला. २४ मे रोजी सुचिंदांनी राजीनामा दिला.

व्यासपीठावर कल्पनाविलास ठरलेला नेतृत्वाचा प्रश्न रस्त्यावर जीवनमरणाचा होता. स्पर्धेच्या संहितेत यजमान राष्ट्राचे आतिथ्य येते, नागरिक येत नाहीत. तौलनिक अभ्यासाने ही अनुपस्थितीदेखील संहितेचाच भाग मानावयास हवी. तरच सप्रे यांच्या उत्तराइतकीच त्या प्रश्नाचीही चिकित्सा शक्य होईल.