समुद्रपुष्पाचा घास

मासा पाळणाऱ्यास त्याची भूक ओळखणे फारसे कठीण जात नाही. खाद्य पाण्यावर पडले की मासा वर झेपावतो, पोट भरले की तोंड फिरवितो. परंतु ज्यांस कणा नाही, डोळे नाहीत, आणि ज्यांपैकी कित्येकांस जागचे हलताही येत नाही, अशा समुद्रपुष्पांचे व पोवळ्यांचे काय करावयाचे? कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यात फुललेले समुद्रपुष्प बोट लागताच मिटून गोळा होते. ते उपाशी आहे की तृप्त, हे चर्येवरून कळावयाचे नाही, कारण त्यास चर्याच नाही. घरच्या भांड्यात समुद्र वसवू पाहणाऱ्यांस हा प्रश्न सोडविण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या अवधीत असंख्य जीव प्राणास मुकले.

ॲना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ साली टॉर्की येथील किनाऱ्यावर तिला पोवळ्याची एक लहान जात आढळली. दगडी बरणीत समुद्राचे पाणी भरून तिने ते जीव लंडनला आणिले. वाटेत ते आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजास टाचून ठेविले होते. लंडनमध्ये ताजे समुद्रजल मिळेना, तेव्हा घरच्या मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावे अशी व्यवस्था झाली. पाण्यात हवा मिसळावयाची ती अशा कष्टाने! पुढे तिने समुद्रातील शेवाळ आणून भांड्यात सोडिले. पोवळी नुसती जगली नाहीत, त्यांची संख्याही वाढली. या यशाचे काही श्रेय त्या मोलकरणीच्या मनगटांस द्यावयास हवे.

पुढील दहा वर्षांत या छंदाचे वेड झाले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचा ‘द ॲक्वेरिअम’ हा ग्रंथ निघाला. सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या आल्या. समुद्रपुष्पास मांसाचा तुकडा भरविणे ही मोठी करमणूक होती. सोंडा हळूहळू वळून घास मधल्या तोंडाकडे नेत, ते पाहण्यासारखे असेच. परंतु या प्राण्यास आत घेण्याचा व बाहेर टाकण्याचा मार्ग एकच. न पचलेला भाग तो चिकट गोळा करून त्याच तोंडाने बाहेर टाकितो. तो गोळा वेळीच काढिला नाही, तर कुजू लागतो, पाण्यातील प्राणवायू संपवितो आणि अमोनियाचे विष सोडितो. सकाळी पाहावे तो टाकी गढूळ, आणि आतील सर्व जीव मेलेले. उपासाने मेले असे समजून मालक नवे जीव आणवी व त्यांस आणखी खाऊ घाली. वस्तुतः समुद्रपुष्प उपासाने सहसा मरत नाही. अन्न कमी पडले की आकाराने लहान होते आणि महिनेच्या महिने तग धरिते. ही मागणी पुरविता पुरविता इंग्लंडच्या किनाऱ्यांवरील डबकी ओकीबोकी झाली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आत्मचरित्रात त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे.

याच काळात एडिंबरो येथे एक समुद्रपुष्प स्वस्थपणे जगत होते. सर जॉन डॅलिएल याने ते १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकावरून आणिले होते. डॅलिएल १८५१ साली वारला, तेव्हा ते प्राध्यापक फ्लेमिंगकडे गेले; पुढे डॉक्टर मॅकबेनकडे, त्याच्यामागून सॅडलरकडे, आणि शेवटी शहराच्या वनस्पती-उद्यानातील लिंडसेच्या हाती आले. एकामागून एक धनी वारले, पण काचेच्या भांड्यातील ही ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, होती तशीच राहिली. १८५७ साली तर तिला एका रात्रीत दोनशेहून अधिक पिले झाली. तिचा आहार म्हणजे मधून मधून शिणाण्याच्या मांसाचा लहानसा तुकडा, आणि त्याबरोबर पाण्याची नियमाने अदलाबदल. याहून अधिक काही नाही. १८८७ साली ती मेली, तेव्हा ‘स्कॉट्समन’ या वृत्तपत्राने तिचा मृत्युलेख छापिला. हौशी लोकांच्या डामडौलाच्या टाक्या दर हंगामास रिकाम्या होत असता हे साधे भांडे जवळजवळ साठ वर्षे टिकले, कारण त्यात अन्नापेक्षा पाण्याची काळजी अधिक घेतली जाई.

तथापि उष्ण कटिबंधातील पोवळ्यांस हा नियम जसाच्या तसा लागू पडेना. मांसाचे कण देऊन व पाणी स्वच्छ ठेवूनही ती झिजत. १९२८–२९ साली सी. एम. यंग याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवर संशोधक-पथक गेले होते. पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते हे त्यास ठाऊक होते. परंतु पोवळे मांसाहारीच असून शेवाळापासून त्यास अन्न मिळत नाही, असे यंगचे मत पडले. पुढे १९५८ साली मस्कटीन व हँड यांनी किरणोत्सर्गी कर्बाचा उपयोग करून, असेच शेवाळ बाळगणाऱ्या एका समुद्रपुष्पात शेवाळाने केलेले द्रव्य यजमानाच्या शरीरात उतरते, हे दाखवून दिले. म्हणजे या जीवांचा बराचसा घास उजेडाचा. अंधाऱ्या दिवाणखान्यात त्यांस मांस भरवीत बसणे व्यर्थच होते. १९६१ साली जकार्ता येथील ली चिन एंग याने जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर पोवळी पाळण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या घरगुती टाक्यांत तिचा वारसा दिसतो.

म्हणून आज टाकीत एखादा जीव आणण्यापूर्वी तो शेवाळ बाळगणारा आहे की नाही, हे प्रथम पाहावे लागते. शेवाळवाल्यास दिव्याचा प्रखर उजेड आणि वर थोडेसे अन्न पुरते. पिसाऱ्यासारखे कृमी पाण्यात तरंगणारे बारीक कण गाळून खातात. त्यांस मोठा तुकडा देणे निरुपयोगी. शेवाळ नसलेल्या केशरी सूर्यपोवळ्याचे पोट मात्र उजेडाने भरत नाही. दिवे मंद झाले की त्याच्या कळ्या उमलतात, आणि पाळणारा लांब नळीने खाऱ्या पाण्यातील चिमुकल्या कोळंब्या एकेका तोंडापाशी नेऊन सोडितो. थोड्या वेळाने तीच नळी घेऊन उरलेसुरले शोषून काढावे लागते.