टीबीचे उपचार घरीच होऊ शकतात, हे कसं सिद्ध झालं?

१९५०च्या दशकात टीबीच्या रुग्णाला अनेक महिने सॅनेटोरियममध्ये ठेवणं योग्य मानलं जाई. पण भारतात रुग्णांच्या मानाने खाटा फारच कमी होत्या. मग बाकीच्यांचं काय?

त्यासाठी १९५६ मध्ये मद्रासला (आताचं चेन्नई) संशोधन सुरू झालं. गरीब कुटुंबांतल्या १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा घरीच. औषधं तीच: आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या रुग्णांना आहार आणि विश्रांती कमी मिळूनही दोन्ही गटांतले निकाल जवळपास सारखेच होते. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढलेला दिसला नाही.

म्हणूनच आज बहुतेक रुग्ण घरी राहून बरे होतात. अट एकच, औषधं मध्येच सोडायची नाहीत.