मुखकर्करोगातील मानेच्या लसीका ग्रंथींची शस्त्रक्रिया

मुखकर्करोगातील मानेच्या लसीका ग्रंथींची शस्त्रक्रिया म्हणजे तोंडाच्या कर्करोगात, मूळ गाठीबरोबर किंवा नंतर, मानेतील लसीका ग्रंथी सभोवतालच्या चरबीसह काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होय. जीभ, गालाचा आतील भाग व हिरडी येथील कर्करोग प्रथम बहुधा याच ग्रंथींत पसरतो. मानेला गाठ लागत असेल तर ग्रंथी काढाव्यात याविषयी दुमत नाही. रोग लवकरच्या अवस्थेत असून मान तपासणीत स्वच्छ असेल, तेव्हा काय करावे हा प्रश्न मात्र अनेक दशके वादाचा होता. त्याचे सर्वांत ठोस उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीने २०१५ साली दिले.

पार्श्वभूमी

बोलीभाषेत सुजलेल्या लसीका ग्रंथीला ‘अवधान’ म्हणतात. ते दात किडल्याने वा जखम चिघळल्यानेही येते, त्यामुळे मानेतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. उलट, कर्करोगाच्या पेशी शिरलेली ग्रंथी लहान असेल तर ती बोटांना लागत नाही आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्येही निसटू शकते.

अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली वर्णिलेल्या मूळ शस्त्रक्रियेत ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, गळ्याची आतील शीर व खांद्याच्या स्नायूची चेता हेही काढले जात. पुढे हे अवयव राखणाऱ्या पद्धती रूढ झाल्या. मानेतील ग्रंथींचे स्तर पाडले जातात. मान स्वच्छ असताना मुखकर्करोगात सामान्यतः पहिल्या तीन स्तरांतील ग्रंथी काढतात.

दोन पर्याय

पहिल्या पर्यायात मूळ गाठीच्या शस्त्रक्रियेतच ग्रंथी काढतात. याला प्रतिबंधक शस्त्रक्रिया म्हणता येईल. दुसऱ्यात केवळ मूळ गाठ काढून मानेवर लक्ष ठेवतात व पुढे गाठ आली तरच मानेची शस्त्रक्रिया करतात. दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. मान स्वच्छ वाटणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या ग्रंथींत रोग सापडत नाही. त्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया सोसावी लागते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या टाटा रुग्णालयाच्याच एका अभ्यासात ७० रुग्ण होते, पण इतक्या लहान संख्येवरून निर्णायक फरक दिसला नाही.

टाटा रुग्णालयाची चाचणी

डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत २००४ ते २०१४ या काळात रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर प्रतिबंधक गटात ८० टक्के, तर प्रतीक्षा गटात ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ व ४५.९ टक्के होते. म्हणजे मानेची शस्त्रक्रिया आधीच केलेल्या साधारण दर आठ रुग्णांमागे एक मृत्यू टळला. दुष्परिणामांचे प्रमाण ६.६ टक्के व ३.६ टक्के असे होते.

प्रतीक्षा गटातील रुग्णांची तपासणी पहिल्या वर्षी दर चार ते सहा आठवड्यांनी होत असे. तरीही मानेत रोग उलटला तेव्हा तो बहुधा पुढच्या अवस्थेत आढळला. चाचणीतील हा भाग आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे, कारण इतकी काटेकोर देखरेख मोठ्या केंद्राबाहेर क्वचितच साधते.

चाचणीच्या मर्यादाही आहेत. सहभागी रुग्णांपैकी बहुसंख्यांना जिभेचा कर्करोग होता. तंबाखू-चुन्याची गोळी वा गुटखा गालात धरणाऱ्यांमध्ये गालाचा व हिरडीचा कर्करोग अधिक दिसतो. त्यांना निष्कर्ष लावताना ही बाब ध्यानात घ्यावी लागते. तसेच गाठीची खोली ३ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास लाभ स्पष्ट दिसला नाही.

दुष्परिणाम

खांद्याची चेता राखली तरी ती ताणली गेल्यास हात खांद्यावर उचलणे काही महिने जड जाते. डोक्यावरून ओझे नेणाऱ्या किंवा पाठीवर फवारणीचा पंप घेणाऱ्या शेतकऱ्यास हे विशेष जाणवते. नियमित व्यायामोपचाराने बरीच सुधारणा होते. कानाची पाळी व मानेची त्वचा बधिर होणे, खालचा ओठ किंचित वाकडा होणे हे अन्य परिणाम होत.

प्रथम ग्रंथीची तपासणी

किरणोत्सारी द्रव्य गाठीभोवती टोचून, रोग प्रथम जिथे पोचेल ती ग्रंथी शोधून तेवढीच काढणे, हा मधला मार्ग आहे. तिच्यात रोग आढळला तरच उर्वरित ग्रंथी काढतात. फ्रान्स (२०२०) व जपान (२०२१) येथील चाचण्यांत ही पद्धत प्रतिबंधक शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरली नाही. तिला अणुवैद्यक विभाग, गॅमा शोधक व अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ लागतात.

मराठवाड्यातील स्थिती

लातूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटर आहे. त्याच लोहमार्गावरील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय असून तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम १९८७ पासून चालते. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. मात्र दर फेरीचा प्रवास, मुक्काम व सोबत्याची बुडालेली मजुरी कुटुंबालाच सोसावी लागते. त्यामुळे प्रतीक्षेचा पर्याय निवडताना गाठीच्या खोलीइतकाच, रुग्ण पहिली दोन वर्षे दर महिना-दीड महिन्याला तपासणीस येऊ शकेल का, हाही प्रश्न निर्णायक ठरतो. प्रतिबंधक शस्त्रक्रियेनंतरही तपासणी सुटत नाही. ग्रंथींत रोग आढळल्यास किरणोपचाराची गरज पडू शकते. तो साधारणतः सहा आठवड्यांच्या आत सुरू करावा लागतो आणि पुढे तितकेच आठवडे चालतो.