पाऊण सेंटिमीटरची जाळी

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गांधीलमाश्यांसाठी राखलेली एक मोठी खोली आहे. तिच्या दाराखिडक्यांना तारेची जाळी असून जाळीचे प्रत्येक भोक पाऊण सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद. एवढ्या भोकातून रोपॅलिडिया मार्जिनाटा ही कागदी पोळे बांधणारी गांधीलमाशी सहज ये-जा करते. तिची वैरीण, व्हेस्पा ट्रॉपिका, अंगाने मोठी असल्याने तिला मात्र आत शिरता येत नाही. या माश्यांवर झालेल्या कित्येक वर्षांच्या संशोधनाला ह्या जाळीचा मोठा आधार आहे.

कारण उघड्यावरची वसाहत कधी संपेल याचा नेम नसतो. वाळलेल्या लाकडाचे, काटक्यांचे तंतू जबड्याने खरवडायचे, लाळेत मळायचे आणि त्या लगद्याचे षट्कोनी कप्पे जोडत जायचे, असे हे पोळे. बारीक देठाने लटकलेले, वर कसलेही आवरण नाही. व्हेस्पा येऊन पोळ्यावर बसली की घरच्या माश्या प्रतिकार करत नाहीत. बाजूला सरकतात, उडून जातात. ती एकेका कप्प्यात डोके घालून अळ्या आणि कोष ओढून काढते. दोन महिने पोसलेली पिल्ले अशी पाहता पाहता नाहीशी होतात. मुंग्यांचे भय निराळेच. त्यांची वाट त्या बारीक देठावरून जाते. ब्राझीलमधल्या एका कागदी गांधीलमाशीत मादी पोटाकडचा स्राव देठाला चोपडून मुंग्यांना थोपवते, हे रॉबर्ट जीन यांनी 1970 मध्ये दाखवून दिले.

थंड देशांत गोष्ट वेगळी. तिथे हिवाळा आला की वसाहत मोडते, फक्त फलित माद्या तग धरतात आणि वसंतात नवी पोळी सुरू करतात. इटलीत लिओ पार्दी यांनी 1940 च्या दशकात ज्या पोलिस्टिस या कागदी गांधीलमाशीचा अभ्यास केला, तिचे चक्र असे ऋतूंना बांधलेले. दक्षिण भारतात हिवाळ्याची ती सक्ती नाही. रोपॅलिडियाचे पोळे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकते आणि एकामागून एक राण्या येत वर्षानुवर्षे चालूही शकते. म्हणजे इथे वसाहतीला ठरलेले मरण नाही. मरण येते ते बहुधा बाहेरून.

ह्या माशीकडे इथल्या अभ्यासकांचे लक्ष वळवण्यात एक पुणेकर, माधव गाडगीळ, आघाडीवर होते. गाडगीळ आणि महाबळ यांचा तिच्यातल्या जातिभेदांवरचा, म्हणजे राणी आणि कामकरी यांच्यातल्या फरकावरचा, निबंध 1974 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. राघवेंद्र गदगकर यांनी ही पोळी आधी पाहिली ती बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजच्या खिडक्यांवर, विद्यार्थी असताना. पुढे विज्ञान संस्थेत ते रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि गांधीलमाश्या हा फावल्या वेळेचा छंद होता. तोच पुढे आयुष्याचा विषय झाला. प्रत्येक माशीच्या अंगावर झटपट वाळणाऱ्या रंगाचे वेगवेगळे ठिपके द्यायचे आणि कोण काय करते हे तासन् तास टिपायचे, ही त्यांची पद्धत. 1983 मध्ये गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी त्या नोंदींतून माश्यांचे तीन गट पाडले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून अन्न आणणाऱ्या. राणी सापडली ती बसून राहणाऱ्यांत. पार्दींच्या पोलिस्टिसमध्ये दादागिरी करणारी मादी राणी ठरते. इथली राणी अगदी शांत.

पण त्याहून मोलाचा विचार 1990 मध्ये आला, आणि तो मृत्यूचाच होता. अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन महिने लागतात. एकटी मादी पोळे थाटते आणि अन्नाच्या शोधात बाहेर पडते. या दोन महिन्यांत ती मेली, तर अर्धीमुर्धी वाढलेली सगळी पिल्ले उपाशी मरतात. तिचा एकही दिवस कारणी लागत नाही. समूहात मात्र दहाव्या दिवशी मेलेल्या कामकरी माशीचेही श्रम वाया जात नाहीत, कारण तिने भरवलेल्या अळीला अकराव्या दिवशी दुसरी कोणीतरी भरवते. म्हणून स्वतःचे घर थाटण्यापेक्षा दुसरीच्या पोळ्यावर राबणे अनेक माद्यांना परवडत असावे, असे गदगकरांनी मांडले. मुंगी-मधमाशीसारखा समाज मुळात का जमतो, या प्रश्नाला हे फार सुंदर उत्तर आहे: नात्याच्या जोडीला त्यात आयुष्याच्या बेभरवशाचाही हिशेब धरला आहे.

राणी गेली तरी पोळे सहसा कोसळत नाही. तिला उचलून नेले, तर काही मिनिटांत एक माशी एकाएकी आक्रमक होते, आणि राणी परत आली नाही तर काही दिवसांत तीच अंडी घालू लागते. ही वारसदार कोण, ते राणी असताना निरीक्षकाला ओळखता येत नाही. अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी 2008 मध्ये दाखवले की माश्यांना मात्र ते ठाऊक असावे, कारण बाकीच्या तिला विरोध करत नाहीत. 2012 मध्ये अलोक बंग आणि गदगकर यांनी राण्या एकामागून एक काढून पाहिल्या, तेव्हा पुढच्या वारसदारही भांडण न करता ओळीने पुढे येत गेल्या.